टंगस्टन पुन्हा पुन्हा गाभ्यात साचतंय? भिंतीकडे नंतर बघा, आधी उतार तपासा

टोकामॅक म्हणजे चुंबकीय क्षेत्रात तप्त प्लाझ्मा कोंडून फ्युजन घडवणारं वळ्याच्या आकाराचं यंत्र. त्याच्या भिंतीतून सुटलेलं टंगस्टन प्लाझ्माच्या गाभ्यात साचतं, ही तक्रार ओळखीची आहे. शॉट (प्लाझ्माचा एक प्रयोग) छान सुरू होतो, एच-मोड (ऊर्जा जास्त टिकणारी स्थिती) लागतो, साठलेली ऊर्जा चढते. थोड्या वेळानं मधल्या सॉफ्ट एक्स-रे चॅनेलचा सिग्नल हळूहळू वर सरकायला लागतो. एकूण किरणोत्सर्जन मोजणारा बोलोमीटरही तेच सांगतो. मग मध्यावरचं इलेक्ट्रॉन तापमान पडतं, सॉटूथ (गाभ्यातल्या तापमानाचे करवतीसारखे चढउतार) थांबतात, तापमानाच्या प्रोफाइलला (मध्यापासून कडेपर्यंतच्या आलेखाला) मध्ये खळगा पडतो आणि शेवटी एखादा मोड, म्हणजे प्लाझ्मातली अस्थिरता, अडकून प्लाझ्मा कोसळतो. पुढच्या शॉटला एखादी गोष्ट बदलावी तर कधी बरं वाटतं, आणि दोन शॉटनंतर पुन्हा तेच.

हे दुखणं जुनं आहे. १९७०च्या दशकात प्रिन्स्टनच्या पीएलटी टोकामॅकमध्ये टंगस्टनचे लिमिटर (प्लाझ्माची कड अडवणारे भाग) होते, आणि तिथे तापमानाच्या प्रोफाइलला असाच खळगा पडलेला दिसला होता. पुढे बरीच वर्षं बहुतेक यंत्रं कार्बनकडे वळली. पण कार्बन ट्रिशियम (फ्युजनचं किरणोत्सारी इंधन) धरून ठेवतो, म्हणून टंगस्टनकडे परत यावं लागलं. जर्मनीतल्या आस्डेक्स अपग्रेडच्या भिंती २००७ साली पूर्ण टंगस्टनच्या झाल्या, इंग्लंडमधल्या जेईटीनं २०११ मध्ये बेरिलियमची भिंत आणि टंगस्टनचा डायव्हर्टर (प्लाझ्मातून निघालेले कण आणि उष्णता झेलणारा भाग) बसवला, आणि २०२३ मध्ये फ्रान्समधल्या ईटरनंही पहिल्या भिंतीसाठी बेरिलियमऐवजी टंगस्टन घ्यायचं ठरवलं. म्हणजे या तक्रारीपासून सुटका नाही, ती नीट समजून घ्यायला हवी.

आवक वाढली की वाट बदलली?

पहिला संशय नेहमी भिंतीवर जातो. कुठेतरी टाइल तापली असेल, डायव्हर्टरवर मारा वाढला असेल, म्हणून टंगस्टन जास्त येतंय. हे खरं असू शकतं, पण तपासायला सोपं आहे, म्हणून आधीच तपासून बाजूला ठेवा. वर्णपटातली तटस्थ टंगस्टनची ४००.९ नॅनोमीटरची रेषा डायव्हर्टरसमोर बघा. ती स्थिर असेल आणि गाभ्यातलं किरणोत्सर्जन मात्र चढत असेल, तर आवक तेवढीच आहे, आत आलेलं बाहेर पडत नाहीये. त्याच वेळी ५ नॅनोमीटरजवळचा टंगस्टनचा पट्टा बघा. तो मध्यम आयनीभवन झालेल्या टंगस्टनचा, म्हणजे गाभ्यापेक्षा थंड थरातला असतो. पट्टा सपाट आणि जास्त आयनीभवन झालेल्या टंगस्टनच्या रेषा चढत्या, असं चित्र असेल तर माल आतल्या आत सरकतोय.

माझ्या पाहण्यात वारंवार येणाऱ्या तक्रारींत बहुतेक वेळा हेच निघतं. म्हणून या लेखाचा भर वहनावर, म्हणजे प्लाझ्मातून कण कसे सरकतात यावर, आहे.

टक्कर नक्की काय करते

इथे थोडं थांबू, कारण पुढचं सगळं निदान यावर उभं आहे.

एकाच जातीच्या कणांच्या आपसातल्या टकरींनी त्या जातीचा निव्वळ प्रवाह होत नाही. संवेग जतन होतो, एक कण आत सरकला तर दुसरा तेवढाच बाहेर. वहन होतं ते वेगवेगळ्या जातींमधल्या घर्षणामुळे. मुख्य इंधनाचा, म्हणजे ड्युटेरियमचा दाब मध्यापासून कडेकडे उतरतो, त्या उतारामुळे ड्युटेरियम एका वेगानं वाहतं. टंगस्टनचा वेग वेगळा असतो. दोन्ही एकमेकांना घासतात, आणि चुंबकीय क्षेत्रात त्या घर्षणाचं बल आडवं लागल्यामुळे एक जात आत आणि दुसरी बाहेर जाते. विद्युतभाराचा हिशोब जुळला पाहिजे म्हणून टंगस्टनचा एक आयन आत आला की त्याच्या भाराइतके ड्युटेरियम आयन बाहेर जातात.

आता महत्त्वाची गोष्ट. टंगस्टनवर भार जास्त, म्हणून टकरी जास्त, भाराच्या वर्गाच्या पटीत. पण भार जास्त म्हणून त्याची लार्मर त्रिज्या, म्हणजे चुंबकीय रेषेभोवतीच्या गिरकीची त्रिज्या, लहान. निओक्लासिकल विसरणात, म्हणजे टोकामॅकच्या वक्र भूमितीत टकरींमुळे होणाऱ्या विसरणात, हे दोन परिणाम एकमेकांना खोडून काढतात. विसरणाचा गुणांक अशुद्धीच्या भारावर जवळजवळ अवलंबूनच राहत नाही. मात्र वाहून नेणारा वेग भाराच्या पटीत वाढतो. गाभ्यातल्या टंगस्टनवर ४५ च्या आसपास भार असेल तर वेग आणि विसरण यांचं गुणोत्तर ४५ पट. म्हणून कार्बन ज्या शॉटमध्ये निवांत राहतो, त्याच शॉटमध्ये टंगस्टन सैरभैर होतं.

या वेगाची दिशा दोन गोष्टींच्या ओढाताणीवर ठरते. मुख्य आयनांच्या घनतेचा उतार टंगस्टनला आत खेचतो. आयन तापमानाचा उतार त्याला बाहेर ढकलतो, यालाच तापमान-स्क्रीनिंग म्हणतात. अनुकूल स्थितीत, म्हणजे ड्युटेरियम केळ्याच्या आकाराच्या कक्षांत फिरण्याइतकं टक्करविरळ आणि टंगस्टन टक्करबहुल असताना, तापमानाच्या उताराला साधारण अर्धं वजन मिळतं. म्हणजे तापमानाचा उतार घनतेच्या उताराच्या दुपटीहून जास्त असेल तर टंगस्टन बाहेर, कमी असेल तर आत.

आकडे घालून बघा. मोठी त्रिज्या (यंत्राच्या मध्यापासून प्लाझ्माच्या मध्यापर्यंतचं अंतर) भागिले उताराची लांबी, हे माप घेऊ; ते जितकं मोठं तितका उतार तीव्र. घनतेसाठी २, तापमानासाठी ६ असेल तर हिशोब २ वजा ३, म्हणजे उणे १. टंगस्टन बाहेर. आता तापमान तसंच ठेवून घनता टोकदार करा, २ ऐवजी ४. हिशोब ४ वजा ३, म्हणजे अधिक १. त्याला ४५ नं गुणा. टंगस्टनचा उतार ४५ होऊ पाहतो, म्हणजे गाभ्यात सुईसारखं टोक. भिंतीवरची आवक कणभरही न बदलता.

म्हणून माझा आग्रह असा की लॉगबुकमध्ये प्रत्येक शॉटसाठी गाभ्याजवळचे हे दोन उतार, तक्रार दिसायच्या आधीच्या क्षणाचे, शेजारी शेजारी लिहा. दहा शॉट लिहिलेत की वाचलेले आणि कोसळलेले शॉट आपोआप दोन बाजूंना पडायला लागतात. नंतरच्या क्षणाचे उतार घेऊ नका. तोवर किरणोत्सर्जनानं प्रोफाइल बिघडवलेली असते आणि कारण-परिणाम उलटे दिसतात.

एकदा सुरू झालं की थांबत का नाही

टंगस्टनमुळे मध्य थंड होतो. तापमानाचा उतार सपाट होतो, स्क्रीनिंग जातं, टंगस्टन आणखी आत येतं. शिवाय काही किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपासून दीडेक किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत खाली उतरताना टंगस्टनची किरणोत्सर्जनाची ताकद एकंदरीत वाढत जाते. म्हणजे थंड झालं म्हणून आणखी थंड.

तिसरा दुवा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, तो सॉटूथचा. सॉटूथ गाभा ढवळून साचलेलं टंगस्टन बाहेर फेकतात, ती आपली फुकटची झाडलोट. पण प्लाझ्माचा विद्युतरोध टकरींवर अवलंबून आहे: झेड-इफेक्टिव्ह (अशुद्धी धरून आयनांचा सरासरी भार) वाढलं की वाढतो, तापमान पडलं की दीड घातानं वाढतो. मध्यावर तापमान ४ वरून ३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट झालं आणि झेड-इफेक्टिव्ह १.५ वरून १.८ झालं, तर रोध साधारण १.८ पट होतो. विद्युतप्रवाह मध्यातून बाहेर सरकतो, अक्षावरचा क्यू (चुंबकीय रेषांच्या पिळाचं माप) १ च्या वर जातो आणि सॉटूथ बंद. झाडलोट नेमकी गरज असताना थांबते. तुमच्या डेटात शेवटच्या सॉटूथची वेळ आणि सॉफ्ट एक्स-रे झपाट्यानं चढायची वेळ जवळजवळ एकच असेल, तर हा दुवा कामाला लागलेला आहे.

हिशोब सांगतो बाहेर, टंगस्टन मात्र आत

उतार अनुकूल दिसतात, तरी साचतं. अशा वेळी तीन जागा बघा.

पहिली, प्लाझ्माचं फिरणं. न्यूट्रल बीमनं (तापवण्यासाठी मारलेल्या वेगवान तटस्थ अणूंच्या झोतानं) प्लाझ्मा टोरॉइडल दिशेनं, म्हणजे वळ्याच्या लांबीनं, फिरतो, आणि टंगस्टन इतकं जड आहे की केंद्रोत्सारी बलानं ते बाहेरच्या बाजूला गोळा होतं. ड्युटेरियमचा माख अंक (फिरण्याचा वेग भागिले औष्णिक वेग) जेमतेम ०.३ धरा. टंगस्टनचं वस्तुमान ड्युटेरियमच्या सुमारे ९१ पट. इलेक्ट्रॉन आणि आयन तापमान सारखं, भार ४५, आणि अक्षापासून मोठ्या त्रिज्येच्या दहाव्या भागाइतकं अंतर घेतलं, तर त्याच चुंबकीय पृष्ठावर बाहेरच्या बाजूची टंगस्टनची घनता आतल्या बाजूच्या साधारण १२ पट निघते. सगळीकडे सारखी घनता धरून काढलेले वहनाचे गुणांक इथे कामाचे नाहीत. या असमतोलानं निओक्लासिकल वहन दहापटीपर्यंत वाढू शकतं आणि स्क्रीनिंग कमकुवत होऊ शकतं. सॉफ्ट एक्स-रे टोमोग्राफीत (अनेक चॅनेलवरून काढलेल्या छेदचित्रात) बाहेरच्या बाजूला चंद्रकोरीसारखा उजेड दिसला तर हीच खूण. एनक्लाससारखा पृष्ठावर समान घनता मानणारा कोड वापरत असाल तर निओसारख्या, फिरण्याचा परिणाम धरणाऱ्या कोडनं तोच क्षण पुन्हा चालवा. उत्तराचं चिन्ह बदललेलं मी पाहिलं आहे.

दुसरी जागा म्हणजे हलकी अशुद्धी, आणि इथे मी स्वतः बराच वेळ घालवला आहे. टंगस्टनचं घर्षण फक्त ड्युटेरियमशी होतं असं मी गृहीत धरलं होतं, आणि आयन घनतेच्या उताराच्या जागी इलेक्ट्रॉन घनतेचा उतार टाकला होता. प्लाझ्मात १ टक्क्याच्या आसपास कार्बन होता, एवढ्याशा कार्बननं काय होणार असं वाटलं. आता हिशोब बघा. घर्षण त्या जातीच्या घनता गुणिले भाराचा वर्ग गुणिले वस्तुमानाचं वर्गमूळ, या प्रमाणात असतं. कार्बनसाठी ०.०१ गुणिले ३६, म्हणजे ०.३६, आणि वस्तुमान सहापट म्हणून गुणिले सुमारे २.४५. उत्तर ०.८८. ड्युटेरियम ०.९४. म्हणजे १ टक्का कार्बन टंगस्टनला जवळजवळ सगळ्या ड्युटेरियमइतकाच घासतो! कार्बनची प्रोफाइल मध्ये खोलगट आहे की टोकदार, यावर टंगस्टनची दिशा बदलू शकते. चार्ज एक्स्चेंजच्या वर्णपटमापनातून हलक्या अशुद्धींची प्रोफाइल काढा, झेड-इफेक्टिव्हशी ताडून बघा आणि मगच कोडमध्ये घाला. आणि तोच १ टक्का कार्बन ड्युटेरियमची जागाही खातो: घनता ६ टक्क्यांनी कमी, तर फ्युजनची शक्ती वर्गाच्या हिशोबानं १२ टक्क्यांनी कमी.

तिसरी, टक्करबहुलतेची पातळी. ते अर्धं वजन फक्त त्या अनुकूल स्थितीतलं आहे. घनता खूप वाढवली, तापमान कमी राहिलं आणि ड्युटेरियम स्वतःच टक्करबहुल झालं, तर स्क्रीनिंग विरतं. कडेजवळ हे सहज घडतं. उलट कड गरम आणि घनतेचा उतार सौम्य ठेवता आला तर स्क्रीनिंग तिथेही काम करतं. जेईटीच्या हायब्रिड शॉटमध्ये ते प्रत्यक्ष दिसलं आहे.

कोडवर विश्वास ठेवण्याआधी

टक्कर-ऑपरेटर, म्हणजे कोडमधलं टकरींचं समीकरण, कोणता आहे ते बघा. फक्त दिशा बदलणाऱ्या टकरी धरणारा साधा लॉरेंट्झ ऑपरेटर संवेग परत देत नाही. मग घर्षणाचा हिशोबच बिघडतो, आणि इथे तर सगळा खेळ घर्षणाचा आहे. तपासायची सोपी युक्ती: प्रत्येक जातीचा टक्करजन्य कणप्रवाह तिच्या भारानं गुणा आणि बेरीज करा. बेरीज शून्याजवळ आली पाहिजे. आली नाही तर पुढचं काहीही वाचू नका, आधी ऑपरेटर दुरुस्त करा. दुसरी युक्ती, अशुद्धी काढून फक्त ड्युटेरियम ठेवा. इलेक्ट्रॉनांशी होणाऱ्या घर्षणापुरता क्षुल्लक प्रवाह सोडला तर काही उरता कामा नये.

आणि स्थिर प्रोफाइलवरून विसरण आणि वेग वेगळे काढायचा प्रयत्न करू नका. स्थिर स्थितीत फक्त त्यांचं गुणोत्तर मिळतं. दोन्ही वेगळे हवे असतील तर बदलती स्थिती लागते, उदाहरणार्थ लेझर ब्लो-ऑफनं (लेझरनं पातळ थर उडवून) सोडलेला अशुद्धीचा छोटा झोत.

प्रक्षुब्धता इथे मित्र आहे

ऊर्जा टिकवायची म्हणून प्रक्षुब्धता (प्लाझ्मातली खळबळ) कमी करायची सवय आपल्याला लागलेली असते. टंगस्टनच्या बाबतीत ती थोडी हवीच. प्रक्षुब्ध विसरण निओक्लासिकल विसरणाच्या ९ पट असेल आणि त्याची स्वतःची ओढ नगण्य धरली, तर वरच्या उदाहरणातला ४५ चा उतार ४.५ वर येतो. तेवढा सोसता येतो. अडचण अशी की अगदी मध्याजवळ प्रक्षुब्धता मुळातच मंद असते, आणि साचणं नेमकं तिथेच सुरू होतं.

टकरी आणि अशुद्धी प्रक्षुब्धतेलाही हलवतात, आणि तेही दोन्ही दिशांनी. चुंबकीय क्षेत्रात अडकलेले इलेक्ट्रॉन टकरींमुळे सुटतात, त्यामुळे त्यांच्यावर पोसलेले मोड मंदावतात. पण आयनांच्या टकरी प्रक्षुब्धतेला लगाम घालणारे झोनल प्रवाह विझवतात, त्यामुळे ती वाढते. हलकी अशुद्धी मुख्य आयन पातळ करून आयन-तापमानाच्या उतारावरचे मोड शांत करते. टेक्सटर टोकामॅकमध्ये निऑन सोडून ऊर्जा-टिकाव सुधारला होता, आणि जेईटीमध्ये धातूच्या भिंतीनंतर घसरलेला टिकाव नायट्रोजननं काही प्रमाणात परत आणला. म्हणून डायव्हर्टर थंड ठेवायला वायू सोडलात आणि गाभ्यात टंगस्टनचं वागणं बदललं, तर नवल वाटू देऊ नका. त्या शॉटचे दोन उतार पुन्हा काढा.

काय बदलायचं

सर्वात भरवशाचा उपाय म्हणजे अक्षाजवळ इलेक्ट्रॉन तापवणं. ईसीआरएचनं (इलेक्ट्रॉनांच्या गिरकीशी जुळणाऱ्या सूक्ष्मलहरींनी) मध्यावर शक्ती दिली की तिथली प्रक्षुब्धता जागी होते, घनतेचं टोक बोथट होतं, आणि टंगस्टन खाली बसत नाही. पण शक्ती खरोखर मध्यावर पडली पाहिजे. चुंबकीय क्षेत्र किंचित बदललं की ती बाजूला सरकते, आणि मग उपाय केला पण गुण आला नाही असं होतं. पुन्हा उद्भवणाऱ्या तक्रारींत हे कारण मला अनेकदा सापडलं आहे, म्हणून शक्ती कुठे पडते त्याचा हिशोब त्या शॉटच्या खऱ्या समतोलावर करा, आदल्या आठवड्याच्या नव्हे.

आयन सायक्लोट्रॉन तापमानवाढ, म्हणजे आयसीआरएच, हाही चांगला मार्ग. मध्यावर तापवल्याचा फायदा तर होतोच, शिवाय अल्पसंख्य वेगवान आयन अशी विद्युतक्षेत्राची रचना करतात की टंगस्टनचं बाहेरच्या बाजूला गोळा होणं कमी होतं. बीमची शक्ती जास्त आणि मध्ये इंधन ओतणारी असेल तर ती थोडी कमी करून फरक बघा. घनतेचं टोक आणि फिरणं, दोन्ही त्यातूनच येतात. कडेला वायू सोडून ईएलएमची (प्लाझ्माच्या कडेवरच्या छोट्या उद्रेकांची) वारंवारता वाढवली तर प्रत्येक ईएलएम कडेतलं टंगस्टन झाडून काढतो, पण त्याची किंमत ऊर्जा-टिकावात मोजावी लागते. गाभ्यात आधीच साचलेल्या टंगस्टनवर याचा उपयोग जवळजवळ नाही.

आणि वेळ सांभाळा. सॉटूथ थांबल्यावर शक्ती वाढवणं म्हणजे पाणी डोक्यावरून गेल्यावर बांध घालणं. मध्यवर्ती तापमानवाढ एच-मोड लागायच्या आधीपासून चालू ठेवा.

स्टेलरेटरवाल्यांसाठी (चुंबकीय रेषांचा पीळ बाहेरच्या कॉइलनीच देणारी यंत्रं वापरणाऱ्यांसाठी) थोडक्यात: तिथे आतल्या दिशेचं त्रिज्यीय विद्युतक्षेत्रच अशुद्धीला आत खेचतं, म्हणून आधी ते मोजा. मात्र मुख्य आयन टक्करविरळ आणि अशुद्धी टक्करबहुल असेल तर तिथेही तापमान-स्क्रीनिंग शक्य आहे. जपानच्या एलएचडी स्टेलरेटरमध्ये तर गाभ्यातून कार्बन बाहेर पडून मध्ये खड्डा पडलेला पाहिला गेला आहे.

एवढं करूनही तक्रार राहिली तर एक शॉट फक्त निदानासाठी राखून ठेवा. सगळी शक्ती स्थिर, वायू स्थिर, एच-मोड बसल्यावर आणि सॉटूथ चालू असताना लेझर ब्लो-ऑफचा एक झोत, आणि तसाच दुसरा झोत बीमची शक्ती कमी केल्यावर. दोन्ही झोतांचा ओसरण्याचा काळ काढा. पहिला रेंगाळला आणि दुसरा पटकन ओसरला, तर बीमनं येणारं घनतेचं टोक आणि फिरणं यांच्याकडे वळा. दोन्ही सारखेच रेंगाळले तर आधी ईसीआरएच कुठे पडतंय ते तपासा. आणि दोन्ही पटकन ओसरूनही किरणोत्सर्जन चढत राहिलं, तर मात्र भिंतीवरच्या टाइल बघायची वेळ आली.